दमलो बाप्पा!

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या धरमपेठेत जिना चढणारा माणूस ओळखू येत नाही, उतरणारा येतो. चढताना सगळे सारखेच. उतरताना मात्र एक हात कठड्याला, दुसरा भिंतीला, पाऊल आडवं आणि दर पायरीला तोंडातून आईच्या नावाचा एक नवा उच्चार. शंकरनगरच्या मेट्रो स्टेशनवर त्या दिवसांत काही सुखवस्तू मंडळी ताठ मानेने जिना चढून वर जातात आणि परत येताना लिफ्टच्या रांगेत गुपचूप उभी राहतात. ही मंडळी एक तारखेला वेस्ट हायकोर्ट रोडवरच्या कुठल्यातरी जिममध्ये वर्षाची फी भरून आलेली असतात. वर्षाची अशासाठी, की महिन्याची भरली तर महाग पडते.

मग अपार्टमेंटच्या फाटकाशी ठरलेला संवाद होतो.

"काय जी, पडले का कुठं?"

"नाही बाप्पा, जिम लावली."

"मग असे काऊन चालून राहिले?"

"मांड्या धरल्या ना!"

"काल तर मस्त होते."

"काल मस्तच होतो. म्हणून तर अजून दोन सेट मारले."

या 'काल मस्त, आज अस्त' प्रकाराचा छडा लावायला १९०२ साल उजाडावं लागलं. बोस्टनच्या थिओडोर हफ नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने लोकांना बोटाने वजनं उचलायला लावली आणि दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. व्यायाम करताना येणारा थकवा एक, तो तासाभरात बराचसा ओसरतो. आणि बारा ते चोवीस तासांनी हळूच येऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठणारं दुखणं दुसरं. हे दुसरं प्रकरण स्नायूंच्या आत बारीक इजा झाल्यामुळे होत असावं, असं त्याने तेव्हाच म्हटलं होतं, आणि ढोबळमानाने ते आजही टिकून आहे. ही इजा सर्वांत जास्त होते ती स्नायू ताणला जात असताना त्याच्याकडून ब्रेकचं काम करून घेतलं तर. सेमिनरी हिल्स चढताना मांडीचे स्नायू आखडत आखडत आपल्याला वर नेतात, तेव्हा धाप लागते पण सूड उगवला जात नाही. उतरताना तेच स्नायू लांबत लांबत आपल्याला धरून ठेवतात. तेव्हा काहीच लागत नाही, माणूस शीळ घालत उतरतो आणि परवाच्या दिवशी कमोडवर बसताना त्याला सेमिनरी हिल्सची पूर्ण उंची कळते.

धरमपेठेत मात्र या सगळ्याला एकच कारण आहे आणि ते सर्वांना पाठ आहे. आमच्या जिममधला ट्रेनर पोट्टा, ज्याच्या दंडाकडे पाहून आपल्या मांडीला न्यूनगंड येतो, दर नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, "अंकल, लॅक्टिक ॲसिड जमा झालं." हे तो अशा खात्रीने सांगतो, जणू सकाळी स्वतः मोजून आला आहे. अंकलही खूश होतात. आपल्यात काहीतरी जमा झालं, हीच या वयात मोठी गोष्ट. घरी गेल्यावर ते बायकोला सांगतात, बायको भिशीत सांगते आणि संध्याकाळपर्यंत गोकुळपेठेच्या भाजीबाजारात पालक निवडतानाही लॅक्टिक ॲसिड निघतं.

बिचाऱ्या लॅक्टिक ॲसिडचा खटला फार जुना आहे. १८०७ च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियसला शिकारीत पळून पळून दमलेल्या हरणांच्या स्नायूंत ते सापडलं. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांना बेडकांच्या पायांत सापडलं. मग हिल आणि मायरहोफ यांनी स्नायूंतली उष्णता आणि हेच ॲसिड यांचा हिशोब मांडून १९२२ चं नोबेल वाटून घेतलं. गुन्ह्याच्या जागी दर वेळी हाच इसम हजर, तेव्हा गुन्हेगार हाच, असं सगळ्यांनी धरलं. नंतर १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ब्रूक्सने दाखवून दिलं, की हे लॅक्टेट एका स्नायूतून निघून दुसऱ्या स्नायूत, अगदी हृदयातसुद्धा, इंधन म्हणून जळतं. व्यायाम संपल्यावर ते साधारण तासाभरात मार्गी लागतं. परवाच्या मांडीदुखीशी त्याचा संबंध जोडणं म्हणजे जो पाहुणा सोमवारीच गाडीत बसून गेला, त्याने बुधवारी शिरा संपवला म्हणण्यातला प्रकार. पण निर्दोष सुटलेल्या माणसाबद्दल धरमपेठेत लोक अधिकच बोलतात.

मग दमतो तेव्हा आत नेमकं काय होतं? जोराचा व्यायाम करताना स्नायूंतलं क्रिएटिन फॉस्फेट फुटतं आणि मोकळा फॉस्फेट साठत जातो. तंतू आखडायला कॅल्शियम लागतं, ते सुटणं कमी होतं. तंतूंची पकड ढिली पडते आणि दहाव्या बैठकीला मांडी थरथरायला लागते. मी हे सगळं ट्रेनर पोट्ट्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अंकल, ते पण काढू. अजून दहा."

त्याचं चुकलं असंही नाही, कारण तिथेच गंमत आहे. 'आता एकसुद्धा होणार नाही' असं आपण म्हणतो तेव्हा एक होतंच. बरेचदा चार होतात. केपटाउनच्या टिम नोक्स यांनी तर असं मांडलं, की थकवा ही स्नायूंची अवस्था कमी आणि मेंदूने काढलेला हुकूम जास्त. सगळ्या शास्त्रज्ञांना हे मान्य नाही, त्यांच्यात अजून भांडणं चालतात. पण ट्रॅफिक पार्कच्या बाहेरच्या रस्त्यावर सकाळी साडेपाचला उभा राहणारा कुणीही माणूस नोक्स यांच्या बाजूने साक्ष देईल. जुन्या वाड्यात आजीच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या असत. "तांदूळ संपले" असं ती सांगायची, तेव्हा ते खरोखर संपलेले कधीच नसायचे. अवचित पाहुणे आले की मागच्या डब्यातून निघायचेच. मेंदू ही ती आजी. ती पोतं रिकामं होण्याआधीच कुलूप घालते, आणि आपण समजतो की दुष्काळ पडला.

पाहुण्यांचं काम इथे कुत्री करतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त बँक मॅनेजर रोज तिसऱ्या फेरीला छातीवर हात ठेवून जाहीर करतात, "आता एक पाऊल नाही." एकदा हे वाक्य पूर्ण होण्याआधी कोपऱ्यावरच्या टोळीतल्या एका काळ्या कुत्र्याने त्यांच्या नव्या बुटांबद्दल शंका काढली, तेव्हा हेच गृहस्थ कॉफी हाउस चौकापर्यंत ज्या वेगाने गेले, त्या वेगाने त्यांनी बँकेत कधी कर्जसुद्धा नामंजूर केलं नसेल. हे थट्टेवारी वाटेल, पण १९६१ मध्ये अमेरिकेत इकाई आणि स्टाइनहाउस या दोघांनी प्रयोगशाळेत हेच केलं होतं. माणसांना हाताने जोर लावायला सांगितला आणि मधूनच पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला. बार ऐकल्याबरोबर लगेच लावलेला जोर वाढला. स्वतः ओरडल्यावरही वाढला. आपल्या आखाड्यांत 'बजरंग बली की जय' ही घोषणा बैठका सुरू करताना का देतात, याचा उलगडा त्यातून होतो. पिस्तूल नव्हतं, एवढंच.

ट्रॅफिक पार्कबद्दल थोडं सांगायला हवं. लहान मुलांना वाहतुकीचे नियम शिकवायला ही बाग केली. आत छोटे रस्ते, छोटे सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग, झुकझुकगाडी. मुलं येतात ती संध्याकाळी, आइस्क्रीमसाठी. सकाळी इथे साठीच्या पुढची शाळा भरते. यातले कित्येक जण खेळातल्या सिग्नलजवळ आले की मनोभावे थांबतात, कंबरेवर हात ठेवतात, श्वास घेतात. बाहेर शंकरनगर चौकातल्या खऱ्या लाल दिव्याला हेच हात जोडून स्कूटर पुढे काढतात. थकवा माणसाला कायद्याचा किती आदर करायला लावतो, हे बघायचं असेल तर इथे या.

डॉक्टर लोक 'टॉक टेस्ट' नावाची एक सोपी परीक्षा सांगतात. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम. बोलताही येत नाही, म्हणजे जोरदार. ही परीक्षा ज्याने काढली, त्याने धरमपेठेत नमुना गोळा केला नसणार. इथे पाच जणांची रांग रस्ता अडवून चालते आणि वेग कितीही असो, बोलणं एका लयीत सुरू. पुण्याच्या मुलाचा फ्लॅट, न्यू जर्सीच्या मुलीचं सिझेरियन, यंदा संत्र्याचा आंबिया बहार कसा गळाला, आणि २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी भरून वाहिला तेव्हा कोणाच्या बेडरूममध्ये किती पाणी होतं. पाणी दर वर्षी चार बोटं चढतं. पुस्तकांत न दमणारा स्नायू म्हणून हृदयाचं नाव देतात. रक्ताचा पुरवठा भरपूर, पेशींतली ऊर्जाघरं खच्चून भरलेली, म्हणून ते जन्मभर चालतं. पुस्तक लिहिणारा या पाच जणांच्या मागून चाललेला नसावा.

संध्याकाळच्या बॅचचं दुःख वेगळं आहे. हे लोक सिव्हिल लाइन्सच्या कचेऱ्यांतून येतात. दिवसभर खुर्ची सोडलेली नसते, तरी ट्रेडमिलवर चढताना तोंडावर असा भाव, की विटा वाहून आलोत. यांच्या बायकांचा यावर विश्वास नाही. "बसून बसून कुणी दमतं काय जी?" दमतं हो. इटलीतल्या तुरीनच्या आंजेलो मोस्सोने थकवा मोजायला एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं होतं. हात पट्ट्याने बांधायचा, मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन, आणि बोट दमेपर्यंत वजन ओढत राहायचं. रेघोट्यांचा आलेख कागदावर आपोआप उमटतो. १८९१ च्या 'ला फातिका' या पुस्तकात त्याने सांगितलंय, की विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या त्याच्या सहकाऱ्याचं बोट नेहमीपेक्षा फार लवकर गळून गेलं. वजन त्याने दिवसभर उचललं नव्हतं, विद्यार्थ्यांची उत्तरं ऐकली होती. नागपूर विद्यापीठात ज्यांनी तोंडी परीक्षा घेतल्या आहेत, त्यांना यासाठी यंत्र लागत नाही.

पुढे २००९ मध्ये वेल्समधल्या बँगर विद्यापीठातल्या सामुएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी सोळा जणांना सायकलवर बसवलं. एकदा त्याआधी ९० मिनिटं संगणकावर डोकं खाणारं काम दिलं, एकदा ९० मिनिटं माहितीपट दाखवले, एक आलिशान रेल्वेगाडीवरचा आणि एक फेरारी मोटारीवरचा. माहितीपट बघून आलेले सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं खाल्लेले ६४० सेकंद. हृदय, श्वास, रक्त यांत कारण सापडेना. फरक एवढाच, की डोकं दमलेल्यांना तेच पायडल सुरुवातीपासून जड वाटत होतं. आजीचा मूड आधीच गेलेला होता. म्हणून मी म्हणतो, ऑफिसातून थेट जिममध्ये जाणाऱ्यांची कीव करा. आणि ज्यांना सासूबाईंचा फोन आटोपून जावं लागतं, त्यांना ट्रेनरने दोन सेट माफ करावेत.

मे महिन्यात धरमपेठेत व्यायामाचा विषयच निघत नाही. २०१३ च्या मेमध्ये इथे पारा ४७.९ वर गेला होता. १९९९ मध्ये कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी ४० अंशांच्या खोलीत सायकलपटूंना पिटाळलं. कधी त्यांना आधी गार पाण्यात बुडवून आणलं होतं, कधी गरम. ते किती वेळ टिकले यात पुष्कळ अंतर पडलं, पण शरीराच्या आतलं तापमान ४० च्या जरा वर गेलं की सगळे एकाच ठिकाणी थांबले. त्यांना सायकल चालवावी लागली. आपल्याला दुपारी एकला दाराशी आलेलं पार्सल घ्यायला फाटकापर्यंत जावं लागतं, आणि परत आल्यावर वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरपुढे पाय पसरून पन्ह्याचा पेला कुणीतरी आणून देईपर्यंत डोळे उघडत नाहीत. मे महिन्यात थकवा व्यायामानंतर येत नाही, आधी येतो. व्यायामाचं मग बघता येतं.

हे सगळं बघून आमच्या गल्लीतले एक आजोबा खिन्न होतात. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. १९१४ साली सुरू झालेली ती संस्था, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या मंडळींनी तिथे जाऊन मल्लखांब, कबड्डी वगैरे करून दाखवलं होतं. आजोबांच्या मते दुखण्यावर इलाज एकच: ज्याने दुखलं, तेच पुन्हा करा. "काल जोर मारून दंड दुखले? आज थोडे कमी मारा, पण मारा. तेल लावा अन् झोपा." त्यांना सांगून काही उपयोग नाही, पण विज्ञान हल्ली त्यांच्याच ओसरीवर येऊन बसलंय. एकदा दुखून गेलेला स्नायू तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला तर फार कमी दुखतो, हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय. मालिशीने दुखणं जरा हलकं वाटतं, हेही खरं. उलट व्यायामाआधी-नंतर अंग ताणल्याने दुखणं टळतं, ही समजूत अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर जवळजवळ फोल निघाली. आणि हे आमच्या सोसायटीच्या योगवर्गात बोलायची सोय नाही. तिथे मॅट स्वतःची आणायची असते आणि मत घरी ठेवायचं असतं.

उपाय म्हणाल तर ते आमच्याकडे व्यायामापेक्षा जास्त आहेत. हळदीचं दूध, एरंडेल, शेकाची पिशवी, मुंबईहून आलेली जपानी पट्टी, समोरच्या काकूंच्या माहेरचं कसलंसं काळं तेल. एकाचं अंग आंबलं की सहा घरांतून बाटल्या निघतात. तिसऱ्या दिवशी दुखणं आपल्या आपण उतरतं, आणि ज्या बाटलीची पाळी तिसऱ्या दिवशी आलेली असते, तिचं नाव होतं. काकूंना हे गणित कळलेलं आहे. त्या आपली बाटली कधीही पहिल्या दिवशी काढत नाहीत.

सकाळची फेरी अर्थात तर्री-पोह्यांच्या टपरीवर संपते. व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी परत मिळवायला धरमपेठेत दोन मिनिटं लागतात, रांग असली तर दहा. मी एकदा तिथे सहज बोलून गेलो, की बर्मिंगहॅमच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये सायकलपटूंना कर्बोदकाच्या पाण्याची नुसती गुळणी करायला लावली. गिळायचं नाही, तोंडात खेळवून थुंकून टाकायचं. तरीही तासाभराच्या शर्यतीत त्यांचा वेळ जवळपास तीन टक्क्यांनी सुधारला. पोटात काहीच गेलेलं नव्हतं. तोंडात कर्बोदकाची वर्दी पोचली आणि किल्ल्यांच्या मालकिणीला वाटलं, माल आलाय, द्या थोडं मोकळ्या हाताने.

टपरीवर शांतता पसरली.

"म्हणजे तोंडात घ्यायचं अन् थुंकायचं?" मॅनेजरसाहेबांनी प्लेटकडे पाहून विचारलं.

"हो."

"हे कोण करते जी? इंग्रजच करू शकतात."

टपरीवाला तर्रीचा पळा हातात धरूनच म्हणाला, "थुंकायचं असंल तर पैसे आधी द्या, भाऊ."

पण डोक्यात किडा शिरला होता. दुसऱ्या दिवशी पाच जणांच्या पथकाने प्रयोग घ्यायचा ठरवला. गुळणी वगैरे म्लेच्छ प्रकार बाद. त्याऐवजी प्रत्येकाने जिलबीचा एक वेढा तोंडात धरायचा, चावायचा नाही, आणि एक फेरी मारायची. दुसऱ्या फेरीसाठी पुडी झुकझुकगाडीच्या फलाटावर ठेवली. पहिली फेरी कधी नव्हे इतक्या लवकर संपली. मॅनेजरसाहेबांनी घड्याळ दोनदा पाहिलं, मग हलवून पाहिलं. शास्त्र खरं ठरलं म्हणून सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते, तेवढ्यात एकाच्या ध्यानात आलं, की तोंडात जिलबी असल्याने फेरीभर कोणाला बोलताच आलं नव्हतं. मग या वेगाचं श्रेय जिलबीच्या पाकाला द्यायचं की गप्प बसण्याला, यावर वाद लागला. निकाल लावायला दुसरी फेरी हवी होती, पण फलाटावर पुडी रिकामी. ती कोणी संपवली, याची चौकशी करत पाचही जण आणखी तीन फेऱ्या चालले, आणि छातीवर हात ठेवून जाहीर करायचं त्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या लक्षातच राहिलं नाही.